आधी हमाल, मग माल

आमच्या ऑफिसात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. डबे उघडले, भाज्यांची देवाणघेवाण झाली की कुणीतरी म्हणतं, "ते अपडेट सरांचं सांग ना." अपडेट सर म्हणजे मी. समोरच बसलेला असतो, घास चावता चावता हसतो. पूर्वी हे किस्से मीच रंगवून सांगायचो, कारण तेव्हा त्यातले मूर्ख दुसरे असायचे. आता किस्से तेच आहेत, माणसंही तीच आहेत, फक्त मूर्ख कोण ते बदललंय. दुसरे सांगतात तेव्हा मला सांभाळून घेतात, त्याने जास्त मेल्यासारखं होतं. म्हणून आज मीच सांगतो.

आधी आमचं काम सांगतो, दोन मिनिटं लागतील. आमची एक छोटी संस्था आहे, ऑफिस तळोद्यात. जिल्ह्यातल्या काही गावांत, बरीचशी डोंगरात, आम्ही कम्प्युटरच्या खोल्या चालवतो. त्यांना सेंटर म्हणायचं. मशीन जुनी, कुणाकुणाकडून मिळालेली, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम. ही सगळी मशीन सांभाळायची जबाबदारी माझी.

आता कम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम असतो, ज्याचं काम फक्त बाकीचे प्रोग्राम आणणं, बसवणं, जुने काढून नवे लावणं. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तोच जुना राहिला तर नवीन आलेलं काहीच त्याला उघडता येत नाही. म्हणून आधी तो अपडेट करायचा, मग बाकीचं सगळं. पहिल्या ट्रेनिंगमध्ये हे नाव कुणाच्या तोंडी बसेना, तेव्हा मी म्हटलं, चला, ह्याला आपण हमाल म्हणू. ते एकदम बसलं. मी लगेच मोठ्या अक्षरात एक ओळ छापली, 'आधी हमाल, मग माल', लॅमिनेशन केलं आणि प्रत्येक मशीनच्या वर भिंतीला डकवलं. एक कागद माझ्या टेबलासमोरही आहे. तो अजून काढलेला नाही.

*

पहिला किस्सा सुरेशभाऊंचा. हे नवापूरकडचं सेंटर सांभाळतात, वयाने माझ्याएवढेच, स्वभावाने गरीब. मी सेंटरवाल्यांच्या ग्रुपवर दर सोमवारी सकाळी दहाला मेसेज टाकायचो, "आधी हमाल, मग माल. आज सोमवार." टाकला रे टाकला की सुरेशभाऊंचं उत्तर, "झालं सर." बाकीचे दुपारी, संध्याकाळी, कधी बुधवारी. सुरेशभाऊ मात्र त्याच मिनिटाला.

एका सोमवारी मला ताप होता, मेसेज टाकायचा राहिला. बरोबर दहाला ग्रुपवर सुरेशभाऊ, "झालं सर."

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मोबाइल वर धरून, नक्कल करून. खोली हसून लोटपोट झाली. सुरेशभाऊही हसले, मान खाली घालून. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, अहो, पण करता तरी का? तेव्हा हळूच म्हणाले की गावातली विजेची डीपी जळाल्याला अकरा दिवस झालेत. पोल्ट्रीवाल्यांनी आपापले जनरेटर आणले, सेंटर अंधारात आहे, मशीन सुरूच झालेलं नाही. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "सर, तुम्ही हमालाचं विचारलं होतं. लाइटीचं विचारलं नव्हतं."

हा किस्सा सांगताना मी हे शेवटचं वाक्य कितीतरी दिवस गाळायचो. दहाला आलेल्या मेसेजवरच थांबायचो.

*

घरचा एक छोटा. मी मूळचा सारंगखेड्याकडचा, तापीकाठचा. बायकोही तिकडचीच, घरात अहिराणीच चालते. एकदा पाहुणे बसलेले असताना मी त्यांच्या मुलाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन अर्धा तास भाषण दिलं. आठवण आली की लगेच अपडेट करायचं, 'नंतर' म्हणायचंच नाही, माणसाची निम्मी दुःखं 'नंतर'मुळे होतात, वगैरे. बायको चहाचे कप घेऊन आली, ट्रे ठेवला आणि पाहुण्यांदेखत म्हणाली, "तीन महिनापाशी घरना नळ गळी ऱ्हायना, त्याले कधी अपडेट करशात?"

नळ त्यानंतरही दीड महिना गळत होता.

*

आता डब्याचा किस्सा.

डोंगरातल्या सेंटरांवर नेट असतं, पण जेमतेम. छपरावर तबकडी आहे, सकाळी तास-दोन तास चालते. एखादा फॉर्म भरायचा तर निभतं, मोठं काही उतरवायला घेतलं की गळपटतं. म्हणून आमची एक पद्धत आहे. तळोद्यातल्या माझ्या मशीनवर नवीन सगळी पॅकेजेस उतरायची, त्याची नक्कल एका हार्ड डिस्कवर भरायची, डिस्क पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि तो डबा महिन्यातून एकदा जीपने डोंगरात. एका सेंटरने जोडायची, हमाल अपडेट, मग माल अपडेट, की पुढच्या सेंटरला. म्हणजे डोंगरातली सगळी मशीन माझ्या एका मशीनवर जगायची. हे लक्षात ठेवा.

जीप भास्करभाऊंची. वीस माणसं बसवतील, टपावर पोती, मागे लटकलेली तरणी पोरं. त्यांना मी पहिल्या दिवशीच ताकीद दिली होती, डब्याला धक्का लागता कामा नये, आत नाजूक वस्तू आहे. एकदा मीही त्याच जीपने वर निघालो, उशिरा पोचलो म्हणून मागच्या बाकावर कोंबला गेलो. वाटेत जीप थांबली. दवाखान्यातून परतणारी एक म्हातारी, हाताला पट्टी, सोबत सून. आत जागा नव्हती. म्हातारी मागच्या फळीवर दांडी धरून उभी राहिली, माझ्या गुडघ्यापाशी. मी उठून तिला जागा दिली आणि पुढे वाकून पाहिलं, पुढच्या सीटवर कोण बसलंय एवढं ऐसपैस.

पुढच्या सीटवर डबा बसला होता. पट्टा लावून.

मी ओरडलो, भास्करभाऊ, अहो हे काय. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सरनी सांगेल शे, डबाले धक्का लागाले नको. मन्ही काय चूक शे?"

डबा मांडीवर घेऊन म्हातारीला पुढे बसवलं. ऑफिसात हा किस्सा हिट झाला. पट्टा लावलेला डबा! मीही तो भास्करभाऊंच्या भोळेपणाचा म्हणून सांगायचो. त्या महिन्यात डब्यात काय होतं, ते मला खूप नंतर कळलं.

*

हा पुढचा मी कुणाला सांगितलाच नव्हता.

एकदा आमच्या मॅडमना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, बाहेरून आलेल्या पाहुण्यांपुढे माझ्या मशीनवरून सेंटरांची माहिती दाखवायची होती. मी आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे अपडेट केलं आणि सकाळी पडदा काळा. पाहुणे बसलेत, मॅडम माझ्याकडे बघतायत, मी टेबलाखाली वायरी हलवतोय, जसं काही वायरीचंच चुकलंय. शेवटी मॅडमनी सगळं तोंडी सांगितलं.  जाताना मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी असं व्हायला नको."

मी त्याच दुपारी मशीन दुरुस्त केलं आणि माझ्या हमालाला थांबवून ठेवलं. तशी एक आज्ञा असते. ती दिली की तो आहे तिथेच गोठतो, काही केल्या नवा होत नाही. एक आठवडाभर ठेवू म्हटलं, पाहुण्यांची दुसरी खेप होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात चौकट यायची, पॅकेज मॅनेजरची नवी आवृत्ती आली आहे. खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. मी हातात चहा घेऊन 'नंतर' दाबायचो. वर भिंतीवर मीच छापलेला कागद. आठवडा संपला, पाहुणे येऊन गेले, महिना संपला. हात इतका सरावला की चौकट दिसायचीसुद्धा बंद झाली. आणि दर सोमवारी दहा वाजता, त्याच टेबलावरून, मी सगळ्या जिल्ह्याला आठवण करत होतो.

डिस्क भरताना तो जुना हमाल बाहेर जाऊन यायचा. नवीन गाठोडी त्याला उघडत नव्हती, म्हणून परत येऊन म्हणायचा, "नवीन काही नाही." मी वाचायचो आणि खूश व्हायचो. सगळं अपटुडेट!

*

डोंगरातलं सगळ्यात लांबचं सेंटर रमिला चालवते. जीपने तीन तास. घरी पावरी बोलते, आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. तिला नर्सिंगला जायचं होतं. दोनदा नंबर हुकला होता आणि वयाच्या अटीमुळे हे शेवटचं वर्ष होतं. मला तिने ट्रेनिंगच्या वेळीच सांगून ठेवलं होतं की सर, फॉर्म ऑनलाइन आहे, मी आपल्या सेंटरवरूनच भरणार. मी म्हटलं होतं, तू फक्त हमाल अपडेट ठेव, बाकी माझ्यावर सोड. असं बोलायला मला फार आवडायचं.

तिच्या गावात फोनची रेंज एका दगडावर येते. त्यावर चढून तिने एकदा मला फोन केला. म्हणाली, सर, डिस्क लावल्यावर हमालाच्या आवृत्तीचा नंबर तोच दिसतो, गेल्या महिन्याचाच. मी जेवत होतो. म्हटलं, कधी कधी नवीन काही नसतं, तसाच राहतो. पुढच्या महिन्यात परत फोन, सर, तोच नंबर. ह्या वेळी मी चिडलो. मी म्हटलं, "रमिला, तुला जास्त कळतं की मला?"

ती म्हणाली, बरं सर.

फोन ठेवून मी समोरच्यांना सांगितलं, बघा, पोरगी दगडावर चढून नंबर कळवते, एवढी भीती बसवलीय मी हमालाची. सगळे हसले. त्या दिवशीचा तो सगळ्यात चांगला किस्सा ठरला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मला वाटलं, समजलं तिला.

*

आणि हा शेवटचा.

फॉर्मचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला साइट बंद होणार. रमिलाचा एक दाखला आदल्या दिवशी हातात पडला होता, त्यामुळे तिच्याकडे तो एकच दिवस होता. सकाळी साडेनऊला दगडावरून फोन. फॉर्मची साइट उघडते, पण लगेच सांगते, तुमचा ब्राउझर फार जुना आहे, आधी अपडेट करा. आणि डिस्कवरून अपडेट होत नाही.

ऑफिस भरलेलं होतं. बाजाराचा दिवस, दोन-तीन सेंटरची माणसं आलेली, सुरेशभाऊ बिघडलेला मॉनिटर घेऊन आलेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी फोनवर तिला झापलं. हमाल अपडेट केला नसशील, कितीदा सांगायचं, आता शेवटच्या दिवशी बोंबलायचं. ती म्हणाली, केला सर, दर महिन्याला केला. मी म्हटलं, खाली ये, माझ्या मशीनवर भर, निदान ते तरी नीट आहे.

अकराला जीप मिळाली, सव्वादोनला ती ऑफिसात. अंगावर धूळ, हातात कागदांची पिशवी. भास्करभाऊ डिस्कचा डबा घेऊन मागोमाग आले, तेही थांबले. मी शेजारी तिला एक खुर्ची सरकवून दिली आणि स्वतः माउस धरून साइट उघडली. सगळे मागे उभे.

तुमचा ब्राउझर फार जुना आहे, आधी अपडेट करा.

मी म्हटलं, होतं असं कधीकधी. अपडेट दाबलं. तर सूचना, आधी पॅकेज मॅनेजर अपडेट करा. ते केलं. तर सूचना, पॅकेज मॅनेजर तुम्ही थांबवून ठेवला आहे, अमुक तारखेपासून. तारीख सात महिन्यांपूर्वीची. पडदा मोठा आहे माझा, मागच्यांनाही वाचता येतो.

 मी ती आज्ञा मागे घेतली. सात महिन्यांचा माल एकदम उतरायला लागला आणि कोपऱ्यात वेळ आली, दोन तास चाळीस मिनिटं. तीन वाजून गेले होते. ऑफिसातली बाकीची दोन मशीनंही माझ्याच देखरेखीखालची, तिथेही तेच. मॅडम त्यांचा लॅपटॉप घेऊन नंदुरबारला मीटिंगला गेलेल्या. मी उगाच कीबोर्ड बडवत होतो. कपाळावरचा घाम डोळ्यात येत होता.

मागून सुरेशभाऊंनी अगदी काळजीने विचारलं, "झालं, सर?"

तेव्हा रमिलाने पिशवीतून एक वही काढली. मला वाटलं फॉर्मचे कागद. वहीत तीन रकाने होते, तारीख, हमालाचा नंबर, शेरा. सात ओळी, सात तारखा, नंबर एकच, ४.६.२. तिने वही पडद्याशेजारी धरली. माझ्या मशीनवर, थांबवून ठेवलेल्या हमालापुढे, ४.६.२. शेऱ्याच्या रकान्यात दोन ठिकाणी लिहिलेलं होतं, 'सरांना फोन केला. सर म्हणाले बरोबर आहे.'

मी असं म्हणालो नव्हतो. मी काय म्हणालो होतो ते तिने लिहिलं नव्हतं.

मला त्या क्षणी तो पट्टा लावलेला डबा आठवला आणि फळीवर उभी असलेली म्हातारी. त्या महिन्यात डब्यात काहीच नवीन नव्हतं. ती वही वाचताना माझे कान तापले होते. खुर्चीतून उठावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

"समोर जाऊ का सर?" रमिला म्हणाली.

समोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानदाराबद्दल मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये बोलायचो. तिकडे जाऊ नका, त्याला काही कळत नाही, त्याच्या मशीनवर जगातले सगळे व्हायरस आहेत. आम्ही सगळे रस्ता ओलांडून गेलो. त्याने साइट उघडायला घेतली. उघडली. फोटो चढला, सही चढली, दाखले चढले. चार वाजून वीस मिनिटांनी पावतीचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला आणि रमिलाने तो दोन्ही हातांनी धरला.

मला राहवलं नाही. मी त्याला विचारलं, भाऊ, तुमचं मशीन एवढं अपडेट कसं? तो झेरॉक्सचे कागद लावत होता. वरही न बघता म्हणाला, "ते इचारस, मी हो म्हनस. बस."

परतीची जीप पाचला होती. भास्करभाऊंनी सवयीने डबा पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. मी पट्टा काढला, डबा उचलला आणि रमिलाला पुढे बसायला सांगितलं. ती बसली. डबा माझ्या हातात. मी म्हटलं, हा आज राहू दे, पुढच्या बाजाराला नीट भरून देतो. ती बरं म्हणाली. मला आणखी बोलायचं होतं. सात महिने सगळ्यांदेखत बोलत होतो, तसंच सगळ्यांदेखत चुकलो म्हणायचं होतं. जीप भरलेली, वीस माणसं माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "पावती जपून ठेव."

भास्करभाऊंनी जीप सुरू केली. रमिलाने त्यांना थांबायला सांगितलं. पिशवीतून वही काढली, आठव्या ओळीवर त्या दिवशीची तारीख घातली, वही खिडकीतून माझ्यापुढे धरली आणि वर पेन ठेवलं.

"आजचा नंबर तुम्ही लिहा, सर."

मी डबा काखेत धरला. वही जीपच्या दारावर टेकवली आणि लिहिला, ४.६.२. वही मिटून परत देऊ लागलो.

तिने ती घेतली नाही.

"शेरा पण, सर."